न मिटणारा डोळा

आठ महिने माझा उजवा डोळा मिटत नव्हता. चुरचुरायचा, गळायचा, लाल व्हायचा, पण मिटायचा नाही. झोपेतसुद्धा नाही. दुपारी आमचे हे खोलीत आले की दारातच थबकायचे आणि हळूच विचारायचे, "अगं, जागी आहेस का झोपली आहेस?" मी जागी असले तरी घोरून उत्तर द्यायची.

आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. आणि तो डोळा काही देवानं तसा दिला नव्हता, अपघातानंही झाला नव्हता. मी तो स्वतःच्या हातानं, मऊ पेन्सिलीनं, चांगल्या जाड कागदावर काढून डॉक्टरला नेऊन दिला होता. वय वर्षं साठ. साठी बुद्धी नाठी म्हणायला हरकत नाही. माझ्या जावेनं म्हटलंच.

झालं असं की माझ्या डाव्या पापणीला जन्मतः सुरेख घडी आहे. उजवीला नव्हती. ती नुसती पडद्यासारखी सपाट. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण मी ते जगाच्या लक्षात येऊ नये म्हणून इतका आटापिटा करायची की सगळ्यांच्या लक्षात यायचं. लग्नाआधी हे लोक मला पाहायला आले तेव्हा मी तासभर मान वळवून डावी बाजू दाखवत बसले. घरी जाताना सासूबाईंनी विचारलं म्हणे, "मुलीची मान लचकली आहे का हो?" गंमत पुढेच आहे. त्या सुंदर डाव्या डोळ्याला लहानपणापासून फारसं दिसतच नाही. आळशी डोळा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, पोरींच्या वह्या तपासणं, सगळं त्या सपाट पापणीच्या उजव्यानं केलं. म्हणजे राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा. आमच्या घरासारखंच.

बनारसच्या एका शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाले तेव्हा हारतुऱ्यांचा फोटो काढला. वयानं उजवी पापणी आणखी लोंबली होती. फोटोत माझा एक डोळा भाषण ऐकतोय आणि दुसरा डुलकी काढतोय. त्या फोटोनं मला पेटवलं.

त्याच भाद्रपदात मी गौरींचे डोळे रंगवत बसले होते. आमच्या घरच्या गौरींचे मुखवटे शाडूचे, आणि दर वर्षी त्यांचे डोळे मीच नव्यानं काढते. वरच्या पापणीची रेघ धनुष्यासारखी उंच न्यायची, वर आणखी एक बारीक घडी भुवईच्या जवळ, आणि मधलं बुबुळ पूर्ण गोल, कुठेही न झाकलेलं. मग खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, गौर तुमच्याकडेच बघते. राजा घाटाच्या मागच्या आमच्या गल्लीतली सगळी मराठी घरं हळदीकुंकवाला येतात आणि म्हणतात, डोळे काय बोलके काढलेत! त्या वर्षी ओला कुंचला हातात धरून मी स्वतःशी म्हटलं, मातीला मिळतात तर मला का नाही?

तीस वर्षं मी पोरींना शिकवत आले होते की माणसाचा डोळा काढताना वरची पापणी बुबुळावर जराशी टेकवा, नाही तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. देवीची गोष्ट वेगळी. तिला पापणी लववायचीच नसते. हे सगळं माझ्यातल्या चित्रकलेच्या बाईला पाठ होतं. पण आरशासमोर बसल्यावर बाई मास्तरीण राहिली नाही, पहिल्या बाकावरची ढ पोरगी झाली.

डॉक्टर म्हणजे त्वचा, केस, वजन, सगळंच सुंदर करून देणारा एक हसतमुख तरुण. माझा कागद बघून म्हणाला, "वाह माताजी, आप तो आर्टिस्ट हैं! जैसा बनाया है, वैसा ही बना देंगे."

आणि बिचाऱ्यानं शब्द पाळला.

घरी मी सांगितलं होतं, रांजणवाडी कापायला जाते आहे. ह्यांनी विश्वास ठेवला. खालच्या मजल्यावरच्या माझ्या धाकट्या जावेनं ठेवला नाही, पण ती काही बोलली नाही. तिचं बोलणं परवडतं; ती गप्प बसली की घरात वादळाआधीसारखं वाटतं.

सूज होती तोवर आशा होती. दोन आठवड्यांनी सूज उतरली आणि आरशात गौर दिसली. उजवी घडी थेट भुवईखाली, बुबुळ पूर्ण गोल. मी डोळे मिटले. डावा मिटला. उजव्याच्या फटीतून मला माझाच चेहरा दिसत होता, एक डोळा मिटलेला, दुसरा माझ्याकडे रोखून बघणारा. जोर लावून मिटला, तरी तांदळाच्या दाण्याएवढी फट उरली. बोटानं पापणी खाली ओढली; सोडली की वर.

"होता है, माताजी," हसतमुख म्हणाला. "त्वचा ढीली पड़ेगी."

महिना झाला, दोन झाले. सकाळी उठले की डोळ्यात रेती भरल्यासारखं वाटायचं. वाचायला बसले की अक्षरांभोवती धुकं. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे एक डॉक्टरीण होती, फक्त पापण्यांचंच काम करणारी, माझ्या सुनेच्या वयाची, कधीही न हसणारी. तिनं डोळ्यात पिवळा रंग घातला, निळा उजेड टाकला, बराच वेळ बघितलं.

"अम्मा, इस आँख से ही पढ़ती हैं न?"

"हो. म्हणजे, जी."

"काली पुतली नीचे से सूख रही है. ऐसे ही सूखती रही तो नज़र जाएगी."

मी म्हटलं, मग उद्याच दुरुस्त करा. ती म्हणाली, नाही. आतला व्रण अजून कडक आहे. कडक व्रणात पुन्हा कापलं तर आणखी आखडेल. सहा महिने थांबायचं. तोवर दर तासाला थेंब, झोपताना मलम आणि पापणीवर चिकटपट्टी लावून डोळा बंद करायचा. बाहेर जाताना बाजूनंही झाकणारा चष्मा. आणि रोज बोटानं पापणी खाली ओढून मालिश.

"दुरुस्तीत काय करणार?"

"जो चमड़ी कट गई, वह तो लौटेगी नहीं. कान के पीछे से लेकर लगानी पड़ेगी."

मातीच्या मुखवट्यावर रेघ चुकली तर मी ब्लेडनं खरवडून पुन्हा काढते. मला वाटायचं, जगात सगळंच तसं असतं.

सहा महिने थांबायचं, आणि त्यातला प्रत्येक दिवस डोळा सुकवणार. कुणाला धीर निघेल? मला निघाला नाही. मी गुपचूप पुन्हा हसतमुखाकडे गेले. तो म्हणाला, पंधरा मिनिटांचं काम आहे, आजच करू. मला खुर्चीत बसवलं, जांभळ्या पेनानं पापणीवर खुणा केल्या आणि हातात आरसा दिला. मी बघते तर खुणा डाव्या पापणीवर.

"ये क्यों?"

"दोनों बराबर हो जाएँगी, माताजी. अभी फ़र्क़ दिखता है, वही तो आपकी परेशानी है."

शाळेत पोरी नेमकं हेच करायच्या. एक डोळा मोठा झाला की दुसरा मोठा करायच्या, मग पहिला लहान वाटतो म्हणून तो खोडायच्या, पुन्हा काढायच्या, पुन्हा खोडायच्या. शेवटी त्या जागी कागद फाटायचा. मी फाटलेले कागद उचलून वर्गाला दाखवत असे. आणि इथे खुर्चीत पडून मी म्हणणार होते, करा. खोटं कशाला बोलू, अर्धा क्षण मला पटलंही होतं. दोन्ही सारखे तर होतील!

आत मोबाइलवर कुणाशी तरी बोलायला तो गेला तेवढ्यात मी चपला हातात घेऊन जिना उतरले.

घरी येईपर्यंत पापणीवरच्या जांभळ्या रेघा विसरले. दारात जाऊ भाजी निवडत बसलेली.

"जाऊबाई, रांजणवाडी आता डावीकडे गेली का?"

मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. रडायचे कष्ट एकट्या डाव्यालाच होते. उजवा तर आधीच गळत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, पालकाची जुडी बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाली, "चित्र काढून दिलंत? गौरीचं?"

"हो."

"बरं झालं गणपतीचं नाही दिलंत."

त्या दिवसापासून थेंबांची वेळ तिनं आपल्या हातात घेतली. वर माझ्या मजल्यावर यायची, माझी हनुवटी धरून थेंब टाकायची, आणि मी चुळबुळ केली की हिंदीत रागवायची. आम्ही काशीतले मराठी लोक प्रेम मराठीत करतो, चिडतो मात्र हिंदीत.

इथवर ठीक होतं. मग चैत्र आला.

रामनगरला माझ्या नणंदेकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, आणि सगळ्या ओळखीच्या बायका. जाऊ म्हणाली, "चष्मा लावल्याशिवाय पाय बाहेर ठेवायचा नाही." मी लावला. मुन्शी घाटावरून नावेत बसेपर्यंत लावून होते. पण तो चष्मा म्हणजे वेल्डिंगवाले लावतात तसला. पलीकडे पंधरा बायका बसलेल्या असणार. साठ वर्षं एक बाजू लपवली आणि आता दोन्ही लपवून जाऊ? मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि पदर डोळ्यावर ओढला. जाऊ नावेच्या दुसऱ्या टोकाला होती, पाठमोरी.

मधोमध वारा सुटला. चैत्रात पलीकडचं वाळवंट उठतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. नाववाला ओरडला, "माई, मुँह ढाँप लो!" सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले. मीही मिटले. माझा एक मिटला.

रेती सरळ आत. पदर उडाला होता. मी हातानं डोळा झाकला, आणि तेच चुकलं. हाताखाली कण घासले. किनाऱ्याला लागेपर्यंत मी ओठ चावून बसले. नणंदेच्या घरी थंड पाण्यानं डोळा धुतला, हळदीकुंकू घेतलं, डाळही खाल्ली. कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडवेना, उजेड सुरीसारखा लागत होता, आणि उजव्यानं बघितलं तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन.

डॉक्टरीण त्या दिवशी बोललीसुद्धा हळू. बुबुळावर जखम झाली होती, खालच्या सुकलेल्या जागेवरच. भरली तरी डाग राहील, म्हणाली, आणि वर मध्यापर्यंत सरकली तर या डोळ्यानं पुढे वाचता येणार नाही.

"चश्मा लगाया था?"

मी काही बोलायच्या आत जाऊ म्हणाली, "लगाया था. पर्स को."

तीन आठवडे तासातासाला औषध. ती तासातासानं जिना चढायची. तिचेही गुडघे काही लोखंडाचे नव्हते. हे माझ्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि वाईट बातम्या गाळायचे, त्यामुळे पेपर पाच मिनिटांत संपायचा. रोज सकाळी मी डावा डोळा हातानं झाकून समोरच्या कॅलेंडरकडे बघायची. महिन्याचं नाव दिसतं का? तारखा दिसतात का? कधी नाव दिसायचं, कधी नुसतं लाल-काळं. ह्यांना विचारायची हिंमत होत नव्हती की आज कुठली तारीख, कारण मग मला वाचता आली नाही हे त्यांना कळलं असतं.

जखम मध्याच्या अलीकडेच थांबली. भरली. डॉक्टरीण म्हणाली, व्रण अजून हवा तितका मऊ नाही, पण आता आणखी एक जखम हा डोळा सोसणार नाही. आषाढात करू.

"अम्मा, इस बार कोई ड्रॉइंग लाई हैं?" तिनं विचारलं. मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा तसाच, मख्ख. तिची ती पहिली थट्टा होती हे मला घरी गेल्यावर कळलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आत नेण्याआधी जावेनं माझ्या कानामागे बोट फिरवून बघितलं. "कातडी चांगली आहे," म्हणाली. "कानामागून येऊन तिखट होऊ नये म्हणजे झालं."

मला हसू आलं, आणि हसतच मी आत गेले.

पूर्ण भूल देत नाहीत. पापणीला आणि कानामागे सुया, आणि माणूस जागा, कारण मधेच डोळा उघडून-मिटून दाखवावा लागतो. दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. कात्रीचा बारीक आवाज, कुठल्याशा यंत्राची पीं पीं, आणि जळका वास. मग पापणीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, घट्ट शिवलेल्या पोलक्याची शिवण उसवावी तसं. मी मनात डॉक्टरणीला म्हणत होते, बोल गं बाई, हसू नकोस पण बोल.

मला उठवून बसवलं.

"बंद कीजिए."

मी मिटले. तिनं जवळ येऊन बघितलं. तिचा श्वास माझ्या गालावर लागत होता.

"खोलिए. फिर बंद."

पुन्हा. मग नर्सला म्हणाली, "अभी गैप है. टुकड़ा छोटा है, थोड़ी और लूँगी."

मला पुन्हा आडवं केलं. कानामागे पुन्हा सुई. त्या वेळी जे मनात आलं ते लिहिते, कारण हसण्यासारखं आहे: मला भीती वाटली की कानामागचं संपलं तर? मग कुठून घेतील? एवढीशी तर जागा. साठ वर्षांची बाई, आणि मनातल्या मनात आपली कातडी वितीवितीनं मोजत पडलेली.

दुसऱ्यांदा बसवलं. "बंद." या वेळी ती आणखी जवळून बघत होती. "खोलिए. ऊपर देखिए. मेरी उँगली दिखी?"

"दिसली. दिखी."

"बंद."

मग ती म्हणाली, "देखते हैं." एवढंच. पापण्या एकमेकींना टाका घालून बंद केल्या, वर कापसाची गादी दाबून पट्टी. आठ दिवस उघडायची नाही. लावलेली कातडी धरली तर गुलाबी दिसेल, नाही धरली तर काळी पडेल. आणि काळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून, कुठून ते तिनं सांगितलं नाही.

ते आठ दिवस मी फक्त डाव्या डोळ्यावर होते. त्या देखण्या, आळशी डोळ्यावर. त्यानं मला चहाचा कप दिसायचा, पण चहा किती उरलाय ते नाही. ह्यांचा चेहरा दिसायचा, पण ते काळजीत आहेत का नुसते झोपेत, ते कळायचं नाही. जिन्यावरून जाऊ वर यायची ती तिच्या पावलांवरून ओळखायची. मी एका पायरीवर घसरलेही. सांगितलं नाही कुणाला, इथेच पहिल्यांदा सांगते आहे. साठ वर्षं मी लोकांना हा डोळा दाखवत आले, आणि त्याला बिचाऱ्याला माझं घरसुद्धा नीट दिसत नव्हतं.

आठव्या दिवशी जाऊ बरोबर आली. हे बाहेर बसले. म्हणाले, मला रक्त बघवत नाही. रक्त कुठलं असणार होतं? पण असू दे.

डॉक्टरणीनं पट्टी भिजवून सोडवली. कापसाची गादी काढली. उजव्यानं काही दिसत नव्हतं, पापण्या अजून शिवलेल्या. मी डाव्या डोळ्यानं जावेच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. धूसर. म्हणून विचारलं, "काळी आहे का गं?"

ती वाकून बघायला लागली.

"अगं, काळी आहे का?"

"थांबा हो," ती म्हणाली. "चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखा रंग आहे. मला काय कळतंय त्यातलं!"

"गुलाबी है," डॉक्टरीण म्हणाली. "एक कोने में ज़रा साँवली. वह चलेगी."

टाका कापला. डोळा उघडला. आधी नुसतं पाणी. मग भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, वरच्या दोन ओळी साफ, तिसरी डोंगरावरून पाहिल्यासारखी, चौथीत एक पांढुरका ठिपका जिकडे बघेन तिकडे येणारा. तो आजही येतो. पुस्तक वाचताना मी मान जराशी कलती धरते, ठिपका ओळीच्या खाली जातो.

"अब बंद कीजिए. आराम से. ज़ोर नहीं."

मी मिटले. तिनं विजेरी लावली आणि उजव्या डोळ्यावर धरली. मला कळलं, कारण आठ महिने अशी विजेरी धरली की फटीतून पांढरी सुई टोचायची. मी ती सुई टोचायची वाट बघत अंग आवळून बसले होते.

"क्या दिख रहा है, अम्मा?"

"लाल," मी म्हटलं.

"लाल?"

"सगळं लाल. सब लाल. ऊबदार. कुठे फट नाही." मी डोकं इकडे-तिकडे वळवून बघितलं, सगळीकडे तोच रंग, आपल्याच रक्ताचा, आणि कुठेही सुई नाही.

विजेरी बंद झाल्याचं कळलं, कारण लाल विझलं आणि काळं झालं. ते तर आणखी छान होतं.

"खोल लीजिए," डॉक्टरीण म्हणाली.

मी उघडले नाहीत.

"अम्मा?"

जावेनं माझा दंड धरला आणि हलवला. "जाऊबाई! झोपलात का काय? अहो, त्यांना बाकीचे पेशंट आहेत!"

"दोन मिनिटं थांब गं," मी म्हटलं.